खाडीकडची भिंत

मी त्याचा हेवा करत होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे वाकडं लिहीन त्यातलं त्याचं किती आणि माझं किती, हे वाचणाऱ्याने आपापलं ठरवावं. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत असे. मनात मात्र तो कायम ‘तो’च राहिला, आणि आता म्हातारपणी लिहितानाही ‘ते’ म्हणायला हात वळत नाही.

तो फोटो काढायचा. तेही माणसांचे नव्हेत. त्या काळी हातात काठी आणि शेजारी फुलांची कुंडी ठेवून, खुर्चीत ताठ बसून फोटो काढून घ्यायला मोठमोठी माणसं तयार असत. हा कल्याणचा सोनाराचा मुलगा, हातात कला, दाराशी गिऱ्हाईक, तरी छकड्यात काचा भरून आडरस्त्यांनी पडक्या देवळांच्या मागे फिरायचा. विचारलं तर म्हणे, “माणसांना आपण आहोत त्याहून बरं दिसायचं असतं. इमारतीला ती हौस नसते.”

ती हौस मला होती. मी ठाण्याच्या कचेरीत नकाशे काढायला होतो. आमच्या साहेबाला जुन्या इमारतींचं वेड लागलं होतं. जिल्ह्यातली देवळं, मशिदी, तळी, पडके कोट अशा सगळ्यांची चित्रं आणि मापं घालून त्याला एक सरकारी पुस्तक करायचं होतं. दोन वर्षं मी टेप आणि पट्टी घेऊन फिरलो आणि शाईने एकेक चित्र काढलं. पुस्तकात प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात माझं नाव छापलं जाईल, असं साहेबाने स्वतः सांगितलं होतं. आमच्या घराण्यात तोवर कुणाचंच नाव कुठे छापून आलं नव्हतं, जप्तीच्या नोटिशीतसुद्धा नाही. आजोबा कारकून, वडील कारकून, दोघांनी जन्मभर दुसऱ्यांची नावं सुंदर अक्षरात लिहिली. मला माझं नाव हवं होतं. एवढी एकच गोष्ट मला आयुष्यात मनापासून हवी होती, असं म्हटलं तरी चालेल.

आणि एक दिवस हा इसम काखेत पुठ्ठ्याची बासनं घेऊन कचेरीत उभा राहिला. डोक्याला वेडंवाकडं पागोटं, कोटावर औषधांचे डाग, आणि दोन्ही हातांची बोटं काळी कुळकुळीत. चांदीच्या औषधाने ती तशी होत, आणि कितीही धुतली तरी तशीच राहत. साहेबाने पहिला फोटो उघडला आणि खुर्चीतून उठला. माझी चित्रं तो बसूनच पाहत असे.

त्याच दिवशी साहेबाने ठरवून टाकलं की आम्ही दोघांनी बरोबर फिरायचं. ज्या इमारतीचा फोटो चांगला येईल तिचा फोटो छापायचा, आणि जिचा येणार नाही तिचं माझं चित्र. म्हणजे पंगत उठल्यावर काही उरलं तर मी जेवायचं. वर आणखी एक कामगिरी माझ्या गळ्यात आली. इमारत केवढी आहे हे फोटोत कळत नाही, म्हणून शेजारी एक माणूस उभा करायचा. साहेब म्हणाला, तुम्हीच उभे राहा, तुमची उंची मला माहीत आहे. अशा रीतीने मी नकाशे काढणारा होतो तो मोजायची काठी झालो.

त्याच्या तऱ्हा काय सांगाव्यात! गावात शिरलो की माणूस आधी देऊळ बघेल. हा आधी विहीर गाठायचा. पोहरा काढायचा, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचा, डोळे मिटून गुळणीसारखं घोळवायचा आणि मग गिळायचा. “आधी पाणी, मग देऊळ,” हे त्याचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की अजून कानात आहे. त्याच्या धंद्यात पाण्यावर सगळं होतं. काचेवर औषध ओतायचं, ती चांदीच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि तंबूत नेऊन लगेच धुवायची. पाण्यात मिठाचा अंश असला की चांदी नासते आणि काच पांढरी पडते. चांदीच्या पाण्याचा एक थेंब टाकून विहिरीचं पाणी पारखता येतं, हे त्याला माहीत होतं. पण सोनाराचं पोर ते! म्हणायचा, “चांदी कशाला वाया घालवू? जीभ फुकट मिळाली आहे.”

बरं, विहीर कुणाची हे तो बघत नसे. आगऱ्यांची असो, कोळ्यांची असो, की गावकुसाबाहेरची असो, त्याचा पोहरा सगळीकडे पडायचा. एका गावात लोक काठ्या घेऊन आले. त्याच्या जातीने विहीर विटाळली असं त्यांचं म्हणणं नव्हतं. त्याने आधी गावकुसाबाहेरचं पाणी तोंडाला लावलं होतं ते त्यांना कळलं होतं. हा शांतपणे म्हणाला, “काचेला मीठ कळतं, जात कळत नाही. मी काचेचा नोकर आहे.” मी त्याच्या पंगतीला कधी बसलो नाही. त्यालाही त्याचं काही वाटलं नाही, उलट माझ्यासाठी सावलीतली जागा सोडून तो उन्हात भाकरी खायचा. याचाही मला रागच यायचा.

फोटोला किती वेळ द्यायचा, हे तो घड्याळावर मोजत नसे. घड्याळ होतं त्याच्याकडे, बंद पडलेलं. तो पाढे म्हणायचा, तेही साधे नव्हेत. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, पंतोजींनी छड्या मारून पाठ करून घेतलेले ते अपूर्णांकांचे पाढे. ऊन लख्ख असेल तर पावकीत भागायचं. झाडाखालच्या देवळाला दिडकी लागायची. टिटवाळ्याजवळ पायऱ्यांची एक खोल विहीर होती, तिच्या तळाशी मला उभं करून त्याने अख्खी औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा, म्हटली. वर शाळेतली पोरं जमली होती, तीही त्याच्याबरोबर सुरात म्हणू लागली. मी खाली शेवाळात घोट्यापर्यंत, हलायचं नाही, नाकावर माशी. एका पोराचं कुठेतरी चुकलं, तर या शहाण्याने मध्येच थांबून त्याला ते दुरुस्त करून दिलं आणि मग पुढे सुरू केलं. तो फोटो फार छान आला. माझं नाक तेवढं पुसट आलं आहे.

कॅमेऱ्यावरचं झाकण काढताना तो इमारतीला म्हणायचा, “जरा थांबा हं, हलू नका.” आमचा गाडीवान गोमा, वयाने आमच्याहून मोठा, याला फार हसायचा. एकदा म्हणाला, “देऊल कुठं पलतंय, शेट?”

“पळतंय रे. हळू पळतंय म्हणून तुला दिसत नाही.”

माझी चित्रं काढायची रीत वेगळी होती. देवळावर पिंपळ उगवला असेल तर मी तो काढत नसे. मूर्तीचं नाक उडालेलं असेल तर लावून देत असे. आमच्या धंद्यात याला कुणी खोटं म्हणत नव्हतं, नीटनेटकं काम म्हणत. आणि आणखी एक रीत सगळेच पाळत. देऊळ दोन्ही अंगांनी सारखं असतं, तेव्हा अर्धंच मोजायचं आणि कागद उलटवून दुसरं अर्धं उतरवायचं. वेळ वाचतो. मला ही रीत माझ्या वरिष्ठाने शिकवली, त्याला त्याच्या वरिष्ठाने. तो मात्र चारही बाजूंनी फिरायचा, कुंपणातून, चिखलातून, गोठ्यातून. एका फोटोत देवळाच्या दारात शेळी बसली होती. मी म्हटलं, हाकला तिला. तर म्हणे, “नकाशेपंत, तिची पणजीपण इथेच बसत असेल. आपण कोण तिला हाकलणारे?” नकाशेपंत हे माझं नाव त्याने पाडलं होतं. पुढे कचेरीतले शिपाईसुद्धा माझ्या पाठीमागे तेच म्हणू लागले.

एकदा मी एकाच देवळाचे दोन कागद घरी नेले, माझं चित्र आणि त्याचा फोटो. आमच्या मंडळींपुढे ठेवले आणि काही न सांगता विचारलं, कोणतं बरं आहे? ती पदराला हात पुसत बराच वेळ बघत राहिली. नवऱ्याची बाजू घ्यायची तिची फार इच्छा होती, हे मला दिसत होतं.

“इकडून काढलेलं फारच सुबक आहे,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “पण इकडच्या चित्रात देऊळ नवं दिसतं. ह्यात ते म्हातारं झालंय.”

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पोटात दुखतंय असं सांगून मी पानावरून उठलो.

आता कोपरीचं सांगतो. कोपरीच्या पुढे, मिठागरांच्या पलीकडे, खाडीच्या अगदी काठाला एक लहानसं दगडी देऊळ होतं. देव कुणीतरी पिढ्यांपूर्वीच गावात हलवला होता, आत वटवाघळं होती. पण बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम असं होतं की साहेबाने सगळ्या पुस्तकात त्यालाच पहिला मान द्यायचा ठरवला होता. त्याचं माझं चित्र वर्षभर आधीच तयार होतं आणि साहेबाच्या खोलीत चौकटीत लागलं होतं. उत्तरेच्या भिंतीवर नाचणाऱ्या अप्सरा, मृदंग वाजवणारे, वर वेलबुट्टी. दक्षिणेच्या भिंतीवरही तेच. उत्तरेची भिंत मी बोट बोट मोजली होती. दक्षिणेची खाडीकडे होती, तिथे भरतीचं पाणी, तिवरांची झुडपं आणि मांडीपर्यंत रुतणारा चिखल. मी कागद उलटवला होता.

वैशाख होता. साहेबाची बदली आली होती आणि आठ दिवसांत सगळे कागद रवाना व्हायचे होते. कोपरी तेवढी राहिली होती. आदल्या दिवशी खडवलीच्या नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्याने एका पडक्या घाटाचा फोटो घेतला होता, त्यामुळे त्याला सणसणीत पडसं झालं होतं. डोळ्यांना धारा, नाक बंद. त्यात नदीचं भरून आणलेलं पाण्याचं मडकं छकड्याच्या हिसक्याने तडकलं आणि वाटेतच गळून गेलं.

देवळापाशी पोचलो तेव्हा ओहोटी होती. तो धोतर खोचून तडक चिखलात उतरला आणि भिंतीमागे गेला. मी इकडे कोरड्यात उभा. किती वेळ गेला कोण जाणे. परत आला तेव्हा गुडघ्यांपर्यंत काळा झाला होता, आणि त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पोरासारखा हसत होता.

“नकाशेपंत, तुमच्या कागदावर इकडे अप्सरा आहेत ना?”

“आहेत.”

“इथे नाहीत.”

“मग काय आहे?”

“आता काच सांगेल की! मी कशाला सांगू?” असं म्हणून तो तंबू लावायला पळाला.

साहेबाच्या खोलीतली चौकट डोळ्यांसमोर आली. हा फोटो तिच्या शेजारी ठेवला जाणार, साहेब एकदा इकडे बघणार, एकदा तिकडे, आणि मग माझ्या बाकीच्या सगळ्या चित्रांकडे. मी दोन वर्षांत किती ठिकाणी कागद उलटवला होता, ते मला एकट्याला माहीत होतं.

तेवढ्यात त्याने हाक मारली. बांधाच्या कडेला एक विहीर होती, गोमाने पोहरा काढून ठेवला होता. तो नाक चोळत म्हणाला, “मला आज काहीच चव लागत नाही. गूळ खाल्ला काय, माती खाल्ली काय, सारखंच. तुम्ही जरा चाखून सांगता? खारट असेल तर गोमाला गावातल्या विहिरीवर धाडू.”

एरवी मी असल्या विहिरीचं पाणी तोंडाला लावलं नसतं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून त्याने फार संकोचाने विचारलं. मी ओंजळ पुढे केली. पाणी जिभेवर आलं आणि मला ठसकाच लागायचा. मचूळ नव्हे, चांगलं खारट.

मी म्हणालो, “गोड आहे.”

“नक्की ना?”

“अगदी गोड.”

त्याने थेंबभरसुद्धा पारख केली नाही. चांदीच्या पाण्याचा काचेचा हौद प्रवासात थोडा आटला होता, त्यात त्याने लोटाभर पाणी ओतलं. मी तंबूच्या दाराशीच उभा होतो. दूध नासावं तसं ते सगळं एका क्षणात पांढरं फटक झालं आणि त्यात गुठळ्या फिरू लागल्या. वर्षाची कमाई होती ती त्याची. तो हातात रिकामा लोटा घेऊन तसाच बसून राहिला.

मिठागराकडे निघालेली एक आगरी बाई डोक्यावरची पाटी सावरत थांबली. “त्या बावीचा पानी घेतला? आरं देवा! त्यो खारा हाय. आमची म्हस पन तोंड लावत नाय त्याला. कुनी सांगितला तुमाला?”

गोमाने माझ्याकडे पाहिलं. मी खाडीकडे पाहिलं.

“मीच चाखलं, बाई,” तो म्हणाला. “पडसं झालंय मला.”

परतताना मी वाट बघत होतो की हा आता ओरडेल, मग ओरडेल. मी उत्तरंही तयार ठेवली होती. छकडा ठाण्याच्या वेशीशी आला तेव्हा कुठे तो बोलला. “नकाशेपंत, त्या भिंतीमागे तुम्ही गेलाच नव्हता ना?”

“भरती होती,” मी म्हणालो.

“भरती सहा तासांनी उतरते,” तो म्हणाला, आणि शिंकला. गोमा त्यानंतर माझ्याशी शब्द बोलला नाही. तंबाखूची चंची पुढे करायचा, तेवढीही बंद झाली.

साहेबालाही त्याने तेच सांगितलं. “पाणी चाखण्यात माझी चूक झाली,” म्हणाला. साहेब हळहळला आणि माझं चित्र चौकटीतून काढून कागदांत ठेवलं. मुंबईहून चांदी आणून नवं औषध निवळेपर्यंत आठ दिवस गेले, आणि आभाळ भरून आलं. “पावसाळा उतरला की जाईन आणि माझ्यासाठी म्हणून एक काच घेईन,” असं तो जाता जाता म्हणाला. त्या पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला खाडीचा काठ खचला. दक्षिणेची भिंत सबंध पाण्यात गेली. उरलेले दगड लोकांनी बांध भरायला नेले, आणि दिवाळीला तिथे नुसता चौथरा होता.

पुस्तक छापून आलं. सगळे फोटो त्याचे, आणि जवळजवळ प्रत्येकात एका कोपऱ्यात मी काठीसारखा उभा. ओळखीचे लोक म्हणत, वा, छापून आलात की! चित्र मात्र एकच, कोपरीच्या देवळाचं, आणि त्याखाली इंग्रजी अक्षरांत माझं नाव. आमच्या मंडळींनी विचारलं, यातलं पहिलं अक्षर कोणतं? मी दाखवलं. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि पुस्तक देवापुढे ठेवलं. मला वाटलं होतं की मला आनंद होईल. थोडा झालाही, खोटं कशाला बोलू? पण देवघरात गेलो की माझी नजर त्या पुस्तकाकडे जायची आणि मी पूजा लवकर आटपायचो.

दहा-बारा वर्षांनी पुण्याच्या एका विद्वान गृहस्थांचं पत्र आलं. त्यांना त्या देवळावर लेख लिहायचा होता. त्यांनी फार अदबीने लिहिलं होतं की दोन्ही भिंतींवर तीच शिल्पं, त्याच क्रमाने, हातांच्या मुद्रा तेवढ्या उलट, असं दुसरीकडे कुठे आढळत नाही. तेव्हा आपण मूळ टिपणं पाहून खात्री करावी. काही दुरुस्ती असल्यास नवीन चित्र पाठवावं, ते आपल्या नावासह छापू. मी ते पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. भिंत पाण्यात होती, टिपणं नव्हतीच. ती भिंत पाहिलेला, आणि सांगू शकेल असा एकच माणूस मला माहीत होता.

कल्याणला त्याच्या घरी गेलो. तो ओटीवर बसला होता. औषधांनी डोळे अधू झाले होते, बोटं तशीच काळी. मला आवाजावरून ओळखलं. “या नकाशेपंत,” म्हणाला आणि आत गूळपाणी आणायला सांगितलं. मी पत्राचं सांगितलं. आता हा माझ्यावर सूड उगवेल, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, उगवावा असंही वाटलं.

“कागद आणलाय का?” त्याने विचारलं.

आणि मग तो सांगू लागला. जमिनीकडून येणाऱ्यांना अप्सरा दाखवणाऱ्या त्या कारागिराने पाण्याकडून येणाऱ्यांसाठी त्यांचीच माणसं कोरली होती. मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या सात बायका, त्यातली पाचवी मागे वळून बघते आहे. जाळं विणणारा म्हातारा, त्याने दोरा दातात धरला आहे. मिठाच्या राशी, त्यांवर बसलेले बगळे. शिडाची होडी, आणि होडीत फडक्यावर निजलेलं मूल. कोण कुणाच्या डावीकडे, कुणाचा हात कुठे, कुणाचं नाक उडालेलं, सगळं. कुठे मी नाक लावू लागलो की त्याला पेन्सिलीच्या आवाजावरून कळायचं की काय कोण जाणे. “ते नाही तिथे,” म्हणायचा. ओहोटीच्या त्या थोड्या वेळात, पडशाने गळणाऱ्या डोळ्यांनी, त्याने एकदाच पाहिलेलं होतं हे. मी त्या देवळाला तीनदा गेलो होतो. जन्मात त्याचा एवढा हेवा मला कधी वाटला नव्हता. त्याचे फोटो पाहून नाही, साहेब खुर्चीतून उठला तेव्हाही नाही.

निघताना मी विचारलं, “तेव्हा साहेबाला का सांगितलं नाहीत तुम्ही?”

“काय सांगायचं? आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या जिभेने चाखायचं नसतं. चूक माझीच.” मग म्हणाला, “एवढं करा. चित्राखाली लिहा, कोणी पाहिलं ते.”

मी हो म्हणालो.

घरी येऊन मी ते शाईने पक्कं केलं. माझ्या हातून तसं चित्र आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. खालच्या कोपऱ्यात नाव घालायची वेळ आली. मी माझं घातलं. त्याचं पुढच्या ओळीत घालायचं, असं ठरवून टाक दौतीत बुडवला, आणि शाई सुकेपर्यंत तसाच हातात धरून बसलो. मग कागद गुंडाळला आणि टपालात टाकला.

लेख आला, चित्राची फार वाहवा झाली. पुण्याहून, मुंबईहून पत्रं आली. केवढी ही नजर, असं एकाने लिहिलं. महिन्याभराने कल्याणहून एक पोस्टकार्ड आलं. अक्षर दुसऱ्या कुणाचं होतं, त्याने सांगून लिहवून घेतलेलं. “चित्र छापून आल्याचं कळलं. नातवाने पाहून वर्णन करून सांगितलं. होडीतलं मूल जरा मोठं झालं आहे असं वाटतं, ते तान्हं होतं. बाकी सर्व बरोबर.”

नावाबद्दल एक अक्षर नव्हतं. कार्ड मी उलटसुलट करून पाहिलं. त्याने विचारलं असतं तर मी भांडलो असतो, काहीतरी कारणं सांगितली असती, आणि भांडून मोकळा झालो असतो. तेवढंही सुख त्या माणसाने मला दिलं नाही.